जुन्या बंदुकीचा दस्ता उजळताना

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या घरांत बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, त्यांतल्या पुष्कळ घरांत ती आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळापासून आलेली असते. नळीला तेल लावण्याची सवय सगळ्यांना असते, कारण गंज डोळ्यांना दिसतो. दस्त्याकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. मुठीजवळचे लाकूड हाताच्या घामाने काळे पडते, जिथे गाल टेकतो तिथले पॉलिश उडते, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करून परत आणली की दस्त्यावर दोन-चार नवे पोचे आलेले असतात. अशा दस्त्याखाली बहुतेक वेळा अक्रोडाचे फार सुंदर लाकूड दडलेले असते, आणि थोडी समज व भरपूर सबुरी असेल तर ते घरच्या घरी पुन्हा वर आणता येते. मात्र एक गोष्ट कामाला हात घालण्यापूर्वीच मनाशी पक्की करावी. दस्ता उजळणे म्हणजे लाकडावर बसलेला थर काढणे, लाकूड काढणे नव्हे. जुन्या बंदुकांचे मी पाहिलेले बहुतेक नुकसान गंजाने किंवा वाळवीने झालेले नसून पॉलिशपेपरने झालेले आहे.

हे काम ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने स्वतः, आपल्या घरात करावे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येनुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. त्यामुळे दस्ता सुटा केला म्हणून तो ओळखीच्या सुताराकडे किंवा पॉलिशवाल्याकडे ठेवून येणे योग्य नाही. स्वतःला जमणार नसेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूक-विक्रेत्याकडेच द्यावे. नळी, यंत्रणा आणि धातूवर कोरलेले क्रमांक यांना या कामात हात लावायचा नाही.

सुरुवात नेहमी एकाच रीतीने करावी. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून रिकाम्या असल्याची खात्री करावी, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. मग नळीखालचे पुढचे लाकूड काढले की नळ्या वेगळ्या होतात, आणि त्या तेल लावून, कापडात गुंडाळून बाजूला ठेवता येतात. दस्ता यंत्रणेपासून सुटा करावा की नाही, हे बंदूक पाहून ठरवावे. साध्या एकनळी बंदुकीत बहुधा दस्त्याच्या टोकाची पट्टी काढली की आत एक लांब बोल्ट दिसतो, आणि तो लांब पेचकसाने सुटतो. जुन्या इंग्लिश दुनळीत मात्र स्क्रूंच्या खाचा केसासारख्या अरुंद असतात. बाजारातला पेचकस त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि खाचेचे ओठ कायमचे फाटतात. असा स्क्रू दिसला तर पेचकसाचे पाते कानशीने घासून त्या खाचेच्या मापाचे करावे, नाहीतर दस्ता जागेवर ठेवूनच काम करावे आणि धातूच्या कडेने मास्किंग टेप लावावी. यंत्रणेच्या बाजूच्या पट्ट्या ज्या बंदुकीत सुट्या निघतात, तिच्या पोटात मी स्वतः कधीच शिरत नाही; ते काम कारागिराचे आहे.

आधीचा थर ओळखणे

दस्त्यावर आधी काय लावले आहे, हे कळल्याशिवाय काही लावूही नये आणि काढूही नये. टोकाच्या पट्टीजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी कापसाच्या बोळ्याने पॉलिशचे स्पिरिट लावून मिनिटभर थांबावे. थर मऊ होऊन बोळा तांबूस झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही, पण थिनरने चिकट झाले, तर लॅकर आहे. दोन्हींना दाद न देणारा, काचेसारखा कडक थर असेल तर अलीकडच्या काळात कोणीतरी मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन मारलेले असते. आणि थर असा काही नसून नुसते मळकट, काळपट, मिणमिणते लाकूड असेल, तर ते जुने तेलाचे काम आहे आणि आपले अर्धे श्रम वाचले.

तेलाचे जुने काम काढायचे नसते, धुवायचे असते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने, वीत-वीत भाग घेत पुसत जावे. पहिली दोन-तीन कापडे कोळशासारखी काळी होतात. ती काळोखी म्हणजे घाम, धूळ, नळीचे तेल आणि दारूचा धूर यांचा पन्नास-साठ वर्षांचा थर. कित्येकदा एवढ्यानेच लाकडाच्या रेषा दिसू लागतात आणि पुढचा पॉलिशपेपर लागतच नाही. लाखेचा थर स्पिरिट आणि अगदी बारीक स्टील वूल यांनी रेषांच्या दिशेने काढावा. लॅकर आणि मेलामाइनला मात्र पेंट रिमूव्हर लागतो. तो उघड्यावर, रबरी हातमोजे घालून लावावा, थर फुगून वर आला की लाकडी पट्टीने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडावा. लोखंडी पाते वापरू नये. कॉस्टिक सोड्याने सगळे झटकन निघते असे सांगणारे भेटतील, पण त्याने अक्रोड काळवंडतो आणि लाकडाचे तंतू भुसभुशीत होतात, म्हणून तो घरातही आणू नये. स्टील वूल वापरल्यावर लाकूड कोरड्या ब्रशने नीट झाडावे, कारण त्याचा एखादा तुकडा छिद्रात राहिला आणि पुढे पाणी लागले, तर अक्रोडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडून तिथे काळा ठिपका उमटतो.

मुठीच्या पुढे, जिथे लाकूड धातूला भिडते, तिथला काळेपणा वेगळा असतो. बंदूक वर्षानुवर्षे नळी वर करून उभी ठेवली की यंत्रणेतले तेल खाली झिरपून दस्त्याच्या तोंडात मुरते. हे तेल लाकूड सडवत नाही, पण मऊ करते, आणि मऊ झालेले लाकूड बार उडताना बसणारा धक्का सोसू शकत नाही; तिथेच चिरते. ते बाहेर काढण्यासाठी रंगाच्या दुकानात मिळणारी खडूची पूड, म्हणजे व्हाइटिंग, अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लापशीसारखी करावी आणि त्या भागावर बोटभर जाड थापावी. अ‍ॅसिटोन उडून जाताना आतले तेल ओढून आणतो आणि पांढरी पूड पिवळी-तपकिरी होते. वाळलेली पूड झाडून पुन्हा लेप द्यावा. एका बंदुकीला मला असे सहा लेप द्यावे लागले. सहाव्या लेपाला पूड पांढरीच राहिली तेव्हा थांबलो. अ‍ॅसिटोन आगीला फार लवकर पकडतो, म्हणून हे काम पडवीत किंवा अंगणात करावे, देवघरातला दिवा आणि स्वयंपाकघरातला गॅस यांच्यापासून दूर.

पोचे आणि चिरा

पोचा म्हणजे दाबले गेलेले लाकूड आणि खाच म्हणजे तुटलेले लाकूड, हा फरक बोटाने कळतो. पोच्यात तंतू शाबूत असतात, फक्त बसलेले असतात, आणि वाफ दिली की ते पुन्हा उभे राहतात. जुन्या धोतराचे किंवा पातळ सुती साडीचे कापड पाण्यात भिजवून, पिळून, दुहेरी घडी करून पोच्यावर ठेवावे आणि तापलेल्या इस्त्रीचे टोक त्यावर पाच-सात सेकंद टेकवावे. चर्र आवाज होऊन वाफ निघते. कापड उचलून पाहावे, पुन्हा ओले करून पुन्हा टेकवावे. रुपयाएवढा पोचा चार-पाच वेळांत डोळ्यांदेखत वर येतो, आणि हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार समाधान देणारे असते. पोचा वर आला की लाकूड एक दिवस सावलीत वाळू द्यावे. वरचा थर आधी काढलेला नसेल तर वाफ आत जात नाही आणि पॉलिश पांढरे पडते, म्हणून हा क्रम बदलू नये. खाच वाफेने भरत नाही. ती फार खोल नसेल तर राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका खाचेसाठी सबंध बाजू घासून खाली नेण्यापेक्षा बंदुकीच्या आयुष्याची ती खूण बरी.

केसाएवढी चीर धातूच्या मागे दिसली तर प्रथम वर सांगितल्याप्रमाणे तिथले तेल काढावे, कारण तेलकट लाकडाला कोणताही गोंद धरत नाही. मग चीर अंगठ्यांनी हलकेच उघडून पातळ इपॉक्सी इंजेक्शनच्या सुईने आत सोडावे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती घट्ट ताणत भोवती गुंडाळावी. ट्यूबची पट्टी गोल आकारावर सगळीकडून सारखा दाब देते, जो शिकंज्याने देता येत नाही. चीर जर मुठीतून आरपार गेलेली असेल, तर मात्र ती बंदूक वापरू नये आणि कारागिरालाच दाखवावी.

कागद चालवताना

आता ज्या पायरीवर बंदुका बिघडतात ती पायरी. चांगल्या बंदूककाराने दस्ता बसवताना लाकूड धातूपेक्षा किंचित उंच ठेवलेले असते, कागदाच्या जाडीएवढे, मुद्दाम, म्हणजे पुढे कधी काम करावे लागले तर तेवढी जागा शिल्लक राहावी. ती उंची एकदा घासून गेली की परत येत नाही, आणि धातूची कड लाकडाच्या वर उघडी पडलेली बंदूक लांबूनही ओळखू येते. म्हणून धातूजवळच्या बोटभर पट्ट्यात पॉलिशपेपर शक्यतो लावूच नये. तिथे टर्पेंटाइन आणि कापड पुरते. बाकी ठिकाणी ३२० नंबरपासून सुरुवात करावी. १२० किंवा १८० नंबरचा जाड कागद जुन्या दस्त्याला क्वचितच लागतो. कागद नुसत्या बोटांनी न धरता खोडरबराच्या किंवा बुचाच्या ठोकळ्याला गुंडाळून, फक्त रेषांच्या दिशेने चालवावा. बोटांनी घासले तर मऊ रेषा खोल जातात, कडक रेषा वर राहतात आणि पृष्ठभाग लाटालाटांचा होतो.

जुन्या इंग्लिश दस्त्याच्या बाजूचा सपाट भाग मागे जिथे संपतो, तिथे कित्येकदा पाण्याच्या थेंबासारखा एक नाजूक, टोकदार उंचवटा कोरलेला असतो. पोटाच्या बाजूला मालकाच्या आद्याक्षरांसाठी बसवलेला चांदीचा अंडाकृती पत्राही असतो. या दोन जागा म्हणजे त्या कारागिराची सही आहे. माझ्या पहिल्या कामात मी तो थेंब घासून गोल केला. आजही ती बंदूक हातात घेतली की अंगठा नेमका तिथेच जातो आणि वाईट वाटते. फिरत्या चकतीचे सँडिंग मशीन या कामात कधीही वापरू नये.

घासून झाल्यावर ओल्या फडक्याने सगळे लाकूड एकदा पुसावे. दाबलेले बारीक तंतू मिशांसारखे उभे राहतात. वाळल्यावर ते ४०० नंबरच्या कागदाने अलगद छाटावेत, आणि पुन्हा एकदा तसेच करावे. हे आताच केले नाही, तर पहिल्या पावसाळी दमट हवेत दस्ता खरखरीत होतो.

मुठीवरची आणि पुढच्या लाकडावरची जाळी, म्हणजे तिरप्या रेषांची कोरीव चौकट, यांपैकी कशातच येत नाही. तिच्याभोवती टेप लावावी आणि ती फक्त टर्पेंटाइन व जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावी. मळ निघाला की झिजलेली वाटणारी जाळी पुष्कळदा चांगलीच धारदार निघते. ती पुन्हा कोरून घ्यायची असेल तर त्याची वेगळी हत्यारे आणि वेगळा हात लागतो, आणि तो हात टाकाऊ लाकडाच्या तुकड्यांवर कित्येक महिने तयार करावा लागतो.

रंग आणि तेल

अक्रोडाला रंग लागतोच असे नाही. पण फिकट लाकूड असेल किंवा नवा तुकडा जोडला असेल, तर त्यासाठीची सगळ्यात उत्तम वस्तू आपल्याच किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. ती म्हणजे रतनजोत. लंडनचे बंदूककार जवसाच्या तेलात अल्कानेट नावाची मुळी भिजवून त्या लाल तेलाने अक्रोडाला ऊब देत असत. आपल्याकडे रतनजोत म्हणून विकली जाणारी मुळी प्रत्येक वेळी त्याच झाडाची नसली तरी तिचा लाल रंग त्याच जातीचा आहे. तो पाण्यात उतरत नाही, तेला-तुपात उतरतो, म्हणूनच स्वयंपाकात ती गरम तुपात सोडतात. मूठभर मुळी चुरून पाव लिटर कच्च्या जवसाच्या तेलात घालावी, बरणी दोन-तीन आठवडे उन्हात ठेवावी आणि तेल फडक्यातून गाळून घ्यावे. बरणीत ते गडद जांभळट लाल दिसते. लाकडावर मात्र लाली उठून न दिसता करड्या अक्रोडाचा थंडपणा तेवढा जातो. बाजारातले वॉटर स्टेन लावून अक्रोडाला शिसवासारखा काळा करण्याची जी पद्धत आहे, ती मला मान्य नाही; तिने रेषा बुजतात, आणि रेषांसाठीच तर अक्रोड निवडला जातो.

वरच्या थरासाठी दुहेरी उकळलेले जवसाचे तेल घ्यावे, ज्याला रंगाच्या दुकानांत बेलतेल म्हणतात. खाण्याचे जवसाचे तेल हळूहळू वाळते, पण त्याला फार दिवस लागतात. पहिला हात अर्धे तेल आणि अर्धे टर्पेंटाइन असा पातळ करून द्यावा, म्हणजे तो खोल जातो. दस्त्याचे मागचे टोक, जिथे लाकूड आडवे कापलेले असते, आणि धातू बसण्याची आतली खोबण यांना हे तेल पोटभर पिऊ द्यावे, कारण समुद्राकाठची दमट हवा लाकडात शिरते ती याच उघड्या तोंडांतून.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताला तेल लावून, ते ओले असतानाच ४०० नंबरच्या कागदाने रेषांच्या दिशेने हलके घासावे. लाकडाचे पीठ आणि तेल यांची तपकिरी पेज तयार होते. ती आडव्या हाताने छिद्रांत दाबावी आणि तशीच वाळू द्यावी. दस्त्याची छिद्रे त्याच्याच लाकडाने भरतात, आणि कोणत्याही तयार पुटीपेक्षा ही भर रंगाला अचूक जुळते. त्यानंतरचे हात फक्त तळहाताने द्यायचे. चार-पाच थेंब तेल तळव्यावर घेऊन तळवा गरम होईपर्यंत एकेक भाग चोळावा, वीस मिनिटांनी जे वर राहिले असेल ते कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्यावे आणि एक दिवस थांबावे. पुसून न घेतलेले तेल लाकडावर गुळाच्या पाकासारखे चिकटून बसते. आठ ते बारा हातांनंतर जी झळाळी येते, ती वरून मारलेली न वाटता आतून आलेली वाटते. जाळीवर मात्र ब्रशने अगदी पातळ एकच हात द्यावा, नाहीतर तिच्या चरा भरून जातात. लाकूड शिसवाचे असेल तर त्याच्या अंगच्या तेलकटपणामुळे जवसाचे तेल वाळायला फार वेळ लावते; तिथे प्रत्येक हाताआधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावे.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच काढावे. मी एकदा श्रावणात हाती घेतले होते आणि लावलेला तिसरा हात गणपती उरकले तरी बोटाला चिकटत होता. शेवटी टर्पेंटाइनने सगळे पुसून दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. लाखेच्या पॉलिशचेही तसेच आहे, दमट हवेत ते दुधासारखे पांढरे पडते.

एक धोका असा आहे की तो सांगितल्याशिवाय हे लेखन पुरे होऊ शकत नाही. जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. लाकडावर ती उष्णता उडून जाते, पण तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आत साठत जाते आणि काही तासांनी बोळा आपोआप पेट घेतो. ना काडी लागते, ना ठिणगी. म्हणून वापरलेले प्रत्येक फडके बाहेर दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावे, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावे. रात्री झोपण्यापूर्वी फडकी मोजावीत.

पुढची निगा

शेवटच्या हातानंतर दस्ता तीन-चार आठवडे तसाच ठेवावा, आणि मगच बंदूक जोडावी. स्क्रू पूर्वी ज्या दिशेला थांबत होते त्याच दिशेला थांबले पाहिजेत. नंतर बंदूक कपाटात नळी खाली करून, नळीच्या तोंडाखाली फडक्याची घडी ठेवून उभी करावी, म्हणजे यंत्रणेतले तेल पुन्हा लाकडात उतरणार नाही. कापडी किंवा चामडी म्यानात पावसाळाभर ठेवू नये. ओल आत कोंडते आणि दस्त्यावर बुरशी धरते. वर्षातून एकदा, पाऊस ओसरल्यावर, पाच थेंब तेल तळहातावर घेऊन चोळले आणि पुसून घेतले की पुरे. पुष्कळ घरांत हे खंडेनवमीच्या पूजेआधी करतात आणि ती वेळ उत्तमच आहे. फक्त गंध किंवा ओले हळदकुंकू लाकडावर लावू नये, कारण ते तेलाच्या थरातून छिद्रांत उतरते आणि मग निघत नाही. फुले आणि अक्षता बंदुकीखाली अंथरलेल्या वस्त्रावर वाहाव्यात, आणि संध्याकाळी सगळे उचलून दस्ता व नळी दोन्ही कोरड्या मऊ कापडाने पुसून मगच बंदूक कुलपात ठेवावी.